मागच्या हॉलमधल्या आम्ही

१ सप्टें.
परत तेच. रेक्टर मॅडम म्हणाल्या, तुम्हाला आपापलं एकत्रच बरं वाटतं ना गं. कोणाला बरं वाटतं? वसतिगृहात पाड्यांवरून आलेल्या आम्ही सगळ्या मागच्या हॉलमध्ये, सिलिंडरच्या खोलीला लागून. कल्याण-बदलापूरच्या मुली पुढच्या खोल्यांत, तिघी-तिघी. असा नियम कुठेही नाही, दरवर्षी आपोआप होतं. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आले तरी आपोआपच चाललंय.
यंदा हिरी आलीय, आमच्याच पाड्याची, पहिलं वर्ष. वर्गात तिला 'हॉलवाली' म्हणतात. घरी जायचं म्हणते. एकदा मुरबाडला उतरली की परत यायची नाही, मला माहितीये.

४ सप्टें.
समान संधी कक्षाची बैठक. मी विद्यार्थी प्रतिनिधी, म्हणजे खुर्च्या लावायच्या. विद्यापीठाची समिती येणार आहे, आमच्या उपकेंद्रातली 'विविधता' बघायला. मी म्हटलं, मला समितीसमोर खोल्यांबद्दल बोलायचंय, सगळ्या मुलींना मिसळून ठेवा. कक्षप्रमुख सर म्हणाले, बोल की, पाच मिनिटं देऊ, पण आधी तारपा नाच बसव. तुझे वडील वाजवतात ना?
सांगितलं की सध्या तारपा वाजत नाही. नवा भात घरात येऊन देवाला दाखवेपर्यंत आमच्यात कोणी तारप्याला हात लावत नाही. सर म्हणाले, "अगं, स्टेजवरचा कार्यक्रम आहे. त्याचा भाताशी काय संबंध?"
आणि त्यांच्या डोक्यावर बोर्ड, 'परंपरांचा आदर, सर्वांना संधी'. डोकं नुसतं भणभणलं. तरी नाही म्हणून उठून आले नाही. विचारून बघते म्हटलं. हिरीसाठी.

७ सप्टें.
घरी. जीपमध्ये मुरबाडपासून एकच गोष्ट घोकत होते की बा नाही म्हणेल. नाही म्हणावं असंच वाटत होतं.
बा बांधावर गवत काढत होता. सगळं ऐकलं, विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "नवं खाल्ल्याबिगर तारपा कदी काढला नाय गो. पन तुझा काम होत आसंल त काढतो."
त्यानं साफ नाही म्हटलं असतं तर किती सोपं होतं. माझा बा, ज्यानं आजारी आजोबांनी मागितला तेव्हाही पावसाळ्यात तारपा खाली काढला नव्हता. त्याला हे बोलायला लावलं या लोकांनी, पाच मिनिटांसाठी. मी म्हटलं, नको काढू. आत जाऊन रडले. आयेला वाटलं, मेसचं जेवण बाधलं.

९ सप्टें.
सरांना सांगितलं, नाच होणार नाही. "मग बोलण्याचंही बघू," म्हणाले. बघू म्हणजे काय ते कळतं मला.
आता नाच पुढच्या खोल्यांमधल्या मुली करणार. त्यात प्राजक्ता. बदलापूरची, वर्गात माझ्या शेजारी बसते, नोट्स माझ्याच नेते. संध्याकाळी लुगडं घेऊन आली, नेसव ना म्हणे. नेसवलं. वाईट नेसलेलं बघवलं नसतं म्हणून नेसवलं, दुसरं काही नाही.

१७ सप्टें.
झाला कार्यक्रम. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला तारपा मागच्या पडद्यावर टांगलेला, सूर स्पीकरवर. मुली पाहुण्यांकडे तोंड करून नाचल्या, तारप्याला पाठ करून. आमच्याकडे नाचताना तारप्याला पाठ दाखवत नाहीत, पोरंसोरंसुद्धा नाही. हिरी शेजारून उठून गेली. टाळ्या भरपूर.
मग समितीतल्या बाईंनी प्राजक्ताला जवळ बोलावून कौतुकानं विचारलं, तुझा पाडा कुठला गं? प्राजक्तानं माइक तोंडाशी घेतला. मग म्हणाली, "मी बदलापूरची आहे, मॅडम. पाड्यावरच्या मुलींना मागच्या हॉलमध्ये ठेवतात. त्यांना बोलायचं होतं, वेळ दिला नाही."
सर माइकची वायर बघायला धावले. माइक चांगला चालू होता. चहानंतर समिती हॉल बघून गेली.
मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोन वर्षं मी हेच बोलतेय, माझ्या तोंडानं. तिनं एकदा म्हटलं, तेही आमचं लुगडं नेसून, आणि लगेच ऐकू गेलं. तिचा काय दोष. तरी राग आहेच.

२० सप्टें.
सरांनी बोलावलं. खोल्या मिसळायचं 'तत्त्वतः' ठरलंय. फक्त पुढच्या खोल्यांमधल्या मुलींच्या पालकांना फोन करून विचारणार, हरकत आहे का.
मी विचारलं, आमच्या पालकांना विचारणार का?
"त्यांची कशाला हरकत असेल?"
खरंच कळलं नाही त्यांना मी काय विचारलं. हिरीला काय सांगू? तुझ्यासोबत राहायला चालेल का, असं घरोघरी विचारतायत, जरा थांब?

२३ सप्टें.
फोनांचं हिरीला बाहेरून कळलंच. सकाळपासून पिशवी भरतेय. समजावून थकले.
ज्यांची हरकत आली त्यांत प्राजक्ताची आई पण आहे. प्राजक्तानंच येऊन सांगितलं, टाकीपाशी, मान खाली घालून. मी म्हटलं, मला नवल नाही वाटलं. फार तिखट बोलले. ती रडत गेली.
दुपारी प्राजक्ता गादीची वळकटी डोक्यावर घेऊन हजर. तुमच्यात राहते म्हणे. रेक्टर मॅडमनी दारातच अडवलं, आईची परवानगी आण. तर हिनं हॉलच्या दारात गादी पसरली आणि बसली.
हिरी पिशवी घेऊन निघाली, जीप गाठायला. गादी ओलांडून जायचं तर पाय द्यावा लागतो. थांबली. प्राजक्ता सरकली. "ताय," हिरी मला म्हणते, "मी बसू का जाऊ?"
मी तिला तिथंच सोडून आत आले, लिहायला बसले. आता बाहेर मॅडम उठा उठा म्हणतायत. पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला, की उचलल्याचा, इथून कळत नाही.
मी इथे काय करतेय. जाते त्यांच्यापाशी, दारात.