सकाळी अकरापर्यंत घरी कोणी नसते

१२ जाने. १९९७, रवि.
ह्यांचा व्हिडिओ कॅमेरा माळ्यावरून काढला. हे गेल्यापासून साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. पुसला, बॅटरी चार्ज केली. चालतो. पट्टा ह्यांच्या उंचीला लावलेला, मी खांद्याला अडकवला तर बॅग गुडघ्याला लागते. आबा म्हणाले, पडून पडून खराब होईल सूनबाई, लग्नसराईच्या आत विकून टाक. सोनईत एका बाईंकडे पिको-फॉलचं मशीन बघून ठेवलं आहे. महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. बालवाडीच्या मानधनावर माझं आणि सासऱ्यांचं किती दिवस...

जाहिरात मीच लिहिली. ‘विकणे आहे. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा, चार्जर व बॅगसह. सकाळी अकरापर्यंत घरी कोणी नसते, नंतर यावे.’ खाली नाव, गाव शिंगणापूर. आबा उद्या नगरला पेपरात देऊन येतील.

१६ जाने., गुरु.
आली छापून. शेजारच्या गयाकाकूंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “अगं शिकलेली ना तू? घर कवा रिकामं असतं ते छापून दिलं व्हय जगाला?”
आमच्या गावात घरांना दारं नाहीत हे कुणाला माहीत नाही! आमच्या चौकटीलाही नुसता पडदा. लोकांची गैरसोय नको म्हणून वेळ लिहिली होती.
आबा म्हणाले, इथून वस्तू उचलायची कुनाची छाती हाय?

१७ जाने., शुक्र.
कॅमेरा बालवाडीत घेऊन गेले. सतरंजीखाली झाकून ठेवला आणि शेजारी बसून मुलांची गाणी घेतली. घरी आले तर पडदा एका बाजूला खोचलेला. मी तसा खोचत नाही. आबा मळ्यातून यायचे होते. आत सगळं जागच्या जागी. वारं असेल. पण वारं पडदा खोचत नाही.

१८ जाने., शनि.
दर्शनाची गर्दी. दहा जण पाणी मागून गेले, मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. दोनच्या सुमारास मोटारसायकलवर एक माणूस आला. मोरे नाव सांगितलं, शेवगावकडे शूटिंग करतो म्हणाला. कॅमेरा हातात धरायची पद्धत जाणत्याची. कॅसेट घालून पुढे-मागे केली, बटणं दाबून पाहिली. मग विचारलं, “वहिनी, एकट्याच असता?”
दीर आत झोपलेत, मी म्हणाले. मला दीर नाही.
कुठे ठेवता एरवी, हेही विचारलं. पुढच्या शनिवारी येतो म्हणाला. त्याच्या शेजारच्या दुकानाचा म्हणून फोन नंबर दिला.

१९ जाने., रवि.
सोनईहून कुलूप आणलं. कॅमेरा पेटीत ठेवून लावलं. या घरात पेटीलाही कधी कुलूप लागलेलं नाही. आबांनी पाहिलं. रागावले नाहीत. जेवायला बोलावलं तर ओट्यावरून हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, “घरात मानसं दोन. तू आन् मी. मंग कुलूप कुनाला लावलं?”

२० जाने., सोम.
काढलं. पिठाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवलं.

२२ जाने., बुध.
सोनईला जाऊन त्या नंबरवर फोन केला. किराणा दुकान निघालं. मोरे? कोण मोरे? शूटिंगवाले बरेच येतात-जातात म्हणाले. शेजारी विचारतो, धरा म्हणाले. मी धरून बसले. मीटर पळत राहिलं. शेवटी ठेवला.
आबांना सांगितलं नाही.

२५ जाने., शनि.
मोरे आला. सोमवारी मोठं लग्न आहे, त्यात चालवून बघतो आणि मंगळवारी दुपारी पैसे घेऊन येतो म्हणाला. मी नाही म्हटलं. मंगळवारी नगरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, चार माणसांत. पैसे हातात, मग कॅमेरा.
तो हसला. “दार नसलेल्या गावात एवढा अविश्वास, वहिनी?”
हे मला बोलला, लागलं आबांना. उठले, म्हणाले, “घेऊन जा. आधी देवापुढं शब्द दे.”
दोघं आंघोळ करून ओल्या पंचाने चौथऱ्यावर गेले. बायांना वर जाता येत नाही, मी खाली कठड्याशी. वर सगळे ओल्या पंचातले, पाठमोरे, सारखेच. त्याने शिळेवर हात टेकवला की नुसता उभा राहिला, दिसलं नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, माझे डोळे मिटलेले होते.
बॅग मी भरून दिली. बॅटरी, कॅसेट सगळं घातलं. चार्जर काढून घेतला. ह्यांना तो पुण्याहून आणावा लागला होता, नगरला मिळाला नव्हता. भरलेली बॅटरी तासभर चालते, त्यात कॅमेरा कसा आहे ते कळेल. पुढे चालवायचा तर यावंच लागेल. गाडीचा नंबर मागच्या पानावर लिहिला आहे.
चार्जर पिठाच्या डब्यात, कुलपाशेजारी.

२७ जाने., सोम.
लग्न आज. बॅटरी एव्हाना उतरली असेल.

२८ जाने., मंगळ.
आबा धुतलेली टोपी घालून सकाळपासून ओट्यावर. मळ्यात गेले नाहीत. दुपारी एकदम विचारलं, “समदं दिलं ना गं त्याला? शब्द घेतल्यावर मागं काई ठेवायचं नसतं.”
मी हो म्हणाले.
आता तो नाही आला तर कॅमेरा गेला, मशीन गेलं. आला तर ओट्यावर पाय ठेवताच चार्जर मागेल, आबांच्या समोर.
चार वाजले. रस्त्यावरून मोटारसायकली जातात. प्रत्येकीला आबा मान वर करतात.
चार्जर काढला, पीठ पुसलं. चौकटीशी ठेवला आहे, पडद्याच्या आत. बाहेर ओट्यावर, आबांच्या शेजारी ठेवायला हात धजत नाही.
एक गाडी वळली आहे इकडे...