कपाटाचं दार आणि तुमचा ठोकळा

मिस्त्री,

तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं झाली. मला लिहायची सवय नाही, सातवीत शाळा सुटली. तेव्हा सरळ सांगतो. तुमचा पॉलिश पेपर गुंडाळून लाकूड घासायचा ठोकळा अजून माझ्याकडे आहे, खारी गावातल्या माझ्या सुतारकामाच्या गाळ्यात, खणात. सागाचा, मुठीत बसेल एवढा, खाली रबराची पट्टी. आता दुकानात दांडीवाले, फोमचे, रंगीत दहा प्रकार मिळतात. परवा दुकानदार समजावत बसला, "अंकल, ये वाला ट्राय करो." म्हटलं, पॉलिश पेपर दे और चूप बैठ. सपाट फळीला कडक ठोकळा, गोलाईला जुन्या स्लिपरचा तुकडा, आणि नुसत्या बोटांनी कधीच नाही. एवढंच शास्त्र. पहिल्याच आठवड्यात मी बोटांनी घासत होतो, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर तुमच्या मोरवा गावच्या बोलीत ओरडलात, "अरं, तू लाकूड न्हाय घासत, नांगर चालवतोस!" सगळे हसले. बोटाखाली सागाची मऊ रेष खोल जाते, कडक तशीच राहते, आणि पॉलिश लागलं की फळीवर लाटा दिसतात. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणजे पुढे जे केलं ते न कळून नाही केलं.

तुमच्या मुलीच्या लग्नाचं कपाट. दार माझ्याकडे होतं. ठोकळ्याला नवा पेपर गुंडाळायचा कंटाळा, घरी जायची घाई. शेवटचा हात बोटांनीच मारला. तुम्ही येता. डोळे मिटून दारावर तळवा फिरवता, वरून खाली, परत एकदा. आणि तुम्ही म्हणता, "बेस हाय. मार पॉलिश." पॉलिश सुकल्यावर दार खिडकीशी उभं केलं तर उन्हात लाटाच लाटा, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. तुम्ही बघत राहिलात. मुलगी तेच कपाट घेऊन सासरी गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ठोकळा माझ्या हातात दिलात, "आतापासून सगळ्यांचं काम तूच बघ." त्यानंतर तुम्ही कुठल्याच फळीवर हात फिरवला नाही. मला वाटलं, माझी चूक पोटात घातली, वर बढती दिली. फुगलो मी. इतकी वर्षं फुगलेलाच होतो.

गेल्या आठवड्यात चहाचं पातेलं सांडशी न घेताच उतरवलं. बायको किंचाळली, "अहो, हात आहे की चिमटा? कातडी जळतेय!" बघतो तर फोड. मला काहीच जाणवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, शुगरने हात बधिर झालाय. मलम लावताना एकदम तुम्ही दिसलात, उकळत्या चहाचा ग्लास मुठीत धरून बसलेले. आम्ही म्हणायचो, मिस्त्रींचा हात म्हणजे लोखंड. गाढव आम्ही.

काल आमच्या कारागिराने हाक मारली, "चाचा, हाथ फेर के देखो, हो गया?" फिरवला. तळव्याला फळी काय नि काच काय, सारखंच. "हो गया," म्हटलं. मग राहवेना. बल्ब खाली ओढून फळीशी आडवा धरला. लाटा. "उंगली से घिसा ना?" त्याने मान खाली घातली. "हां. पर चाचा, आपने तो हाथ लगाया था." खरं बोलला बिचारा. तुमच्यापुढे मला तेवढं कबूल करणंही जमलं नाही. त्या लाटा माझ्या होत्या, मिस्त्री. तुमचा हात बरा असता तर दार पॉलिशला गेलंच नसतं, पण घासलं मीच होतं.

त्याला ठोकळा दिला, फळी परत घासून घेतली, आणि संध्याकाळी ठोकळा मागून घेतला. हे पत्रही त्याच खणात जाईल. त्याला हाताचं नाही सांगितलं. म्हटलं, चष्मा घरी राहिला. हात फिरवायला चष्मा कशाला लागतो, हे त्याने विचारलं नाही.