काठ दुमडलेल्या चिंध्या

माय, आज एका बाईने मला तुझंच उत्तर दिलं. शब्द तेच, आपल्या अहिराणीतले, आणि नजरही तशीच दुसरीकडे. "फरशी पुसान्या चिंध्या शेतस." मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं, कारण मला फॉर्मातला पुढचा प्रश्न वाचता येईना.

मी काय काम करते ते तुला कुठून ठाऊक असणार. ऐकलंस तर पदर तोंडाला लावशील. सुरतच्या एका दवाखान्यात मी संशोधनाच्या कामावर आहे, आणि संशोधन कशावर, तर बसायच्या जागेच्या दुखण्यांवर. तिथली गळवं, भगंदर, तिथला कॅन्सर, आणि बाळंतपणात फाटल्यावर किंवा ऑपरेशननंतर ज्या बायकांना संडास आवरत नाही, त्यांचे हाल. मोठ्या मॅडम त्यावर अभ्यास करतात, मी लिंबायतपासून सचिनपर्यंतच्या वस्त्यांत घरोघरी फॉर्म घेऊन हिंडते. सुरुवातीला मी फॉर्मात होतं तसंच विचारायचे, की मलविसर्जनावर नियंत्रण राहत नाही असं कधी होतं का. सगळ्या नाही म्हणायच्या, एकजात सगळ्या. मॅडम म्हणाल्या, हे शक्यच नाही. मी म्हटलं, मॅडम, माझी माय असती तर तीही नाहीच म्हणाली असती. मग कसं विचारायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की घरात वेगळी फडकी ठेवता का आणि ती वाळत कुठे घालता, ते विचारा. तो प्रश्न आता फॉर्मात आहे. तो तुझा प्रश्न आहे, पण तसं कुठे लिहिलेलं नाही.

मी बारा वर्षांची आहे. सुरतेतल्या आपल्या उधन्याच्या खोलीत तू धागा कटिंगच्या साड्यांचा गठ्ठा घेऊन बसली आहेस, हातातली छोटी कात्री चालते आहे आणि तुझ्या केसांत, भुवयांत, आमच्या भाकरीच्या पिठातसुद्धा धाग्यांचे तुकडे आहेत. बाप कापडाच्या लूमवर गेला आहे. तू अलीकडे एका बाजूला कलून बसतेस, आणि थोड्या वेळाने उठून उभ्यानेच धागे कापतेस. मी दोरीवरची साडी काढायला जाते तर साडीच्या आत दडवून वाळत घातलेले सात तुकडे सापडतात, एकाच मापाचे. मी विचारते, हे काय. तू म्हणतेस, फरशी पुसायच्या चिंध्या आहेत. अगं, फरशी पुसायच्या चिंध्यांना कुणी काठ दुमडून बारीक टाक्याने शिवतं का? तुझं शिवणच तुझी चुगली करायचं. मी हसले तशी तू माझा दंड घट्ट धरलास आणि म्हणालीस, "कोनले सांगू नको." तू मला कधी मारलं नाहीस, पण त्या दिवशी मी तुला घाबरले होते.

नाक्यावर मूळव्याधीचा पिवळा बोर्ड लावलेला एक जण बसायचा. तू मला सोबत घेऊन गेलीस. त्याने ना तपासलं, ना पडद्यामागे नेलं, रक्त जातं का एवढं विचारून पुड्या बांधून दिल्या. बाहेर आल्यावर तुझा चेहरा किती मोकळा झाला होता! हा डॉक्टर चांगला, म्हणालीस, उगाच काही बघत नाही. गल्लीतल्या चार बायकांनाही तू त्याच्याकडेच पाठवलंस. त्याने पुड्या बांधताना माझ्याकडे बघून विचारलं होतं, आणखी काही त्रास? मला चिंध्या माहीत होत्या. मी मान हलवून नाही म्हटलं. आज मला कळतं की त्याला सांगून काही उपयोग झाला नसता, पण ती मान मी हलवली होती.

मग तुझं एकच पालुपद. आखाजीच्या सणाला गावी गेलो की तिथे दाखवू. सुरतेत आपण राहायचो, पण दुखणं, लग्न, जावळ सगळं गावासाठी राखून ठेवायचं. निघायच्या आदल्या दिवसापासून तू अन्नाचा कण घेतला नाहीस, गाडीत काही व्हायला नको म्हणून. आखाजीला निंबाला झोका बांधलेला, तुझ्या बहिणी गाणी म्हणताहेत, आणि तू, जी वर्षभर फक्त त्या झोक्यासाठी जगायची, ती मागे उभी राहून सगळ्यांना झोके देते आहेस. मावशी ओढत होती, बस ना बाई, बस. तू म्हणालीस, आता काय आपलं वय आहे का. मी दोरी धरून उभी होते. तुला खऱ्या दवाखान्यात नेलं तोवर कॅन्सरची गाठ फार पुढे गेली होती. पुढची आखाजी तू बघितली नाहीस.

तू गेलीस तेव्हा चाळिशीचीही नव्हतीस. मी आता तुझ्याहून मोठी आहे, आणि तरी साडीच्या दुकानात कुणी छोटी कात्री चालवली की मी वळून बघते. मला तुझ्या हातची कळण्याची भाकरी हवी आहे, धाग्याचा तुकडा निघाला तरी चालेल. तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं आहे, आणि तुला नीट बसता येत असायला हवं आहे.

आजच्या त्या बाईंनी पाणी दिलं. मी विचारलं, मावशी, त्या चिंध्यांना काठ शिवले आहेत का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुले कोनी सांगं?" मग पदरात तोंड घालून रडल्या, आणि चार वर्षांचं सगळं बोलल्या. शेवटी म्हणाल्याच, कोणाला सांगू नको. या वेळी मी ऐकलं नाही. म्हटलं, मावशी, मी सांगणार, आणि त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला. सोमवारी मावशींना तपासायला नेते आहे. बाई डॉक्टर तपासणार, मी पडद्याच्या आत हात धरून उभी राहणार.

हे पत्र कुठे टाकू? फॉर्मांच्या पिशवीत राहील. पण एक गोष्ट राहिली. तुला कमी वयात झालं होतं म्हणून मॅडमनी माझं नाव दुर्बिणीच्या तपासणीसाठी तीनदा लिहिलं, आणि तीनदा मी म्हणाले, आखाजी होऊ द्या. गेल्या महिन्यात मला दोनदा रक्त दिसलं, माय. मी मनात म्हटलं, मूळव्याध असेल. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.