जावयाची फळी

चिरंजीव अजिंक्यरावांना जबलपूरच्या घमापुरातून सासूचा आशीर्वाद. तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत? मालवणात पाऊस थांबला का? इथं सगळे मजेत, फक्त माझ्या हातांना खाज सुटली आहे, कारण पुढे लिहिते. फोन केला की तुम्ही नेटवर्क नाही म्हणता, म्हणून कागद घेतला. चौथीनंतर शाळा सुटली, अक्षराला नावं ठेवू नका.

तुमची ती लाटेवर उभं राहायची फळी प्रणोतीनं मोडली, ही चूकच. दोन स्टुलांवर आडवी टाकून, वर चढून जाळी काढली म्हणे. (जाळी कोणाच्या घरात होती ते मी विचारत नाही.) पण त्यावर तुम्ही बोलले की जबलपूरवाल्यांना पाण्याचं काय कळतं. पोरगी बॅग घेऊन आली, त्याला दीड महिना झाला. शेजारच्या मिश्राइन रोज विचारतात, दामाद जी कब आ रहे हैं. मी ठरवलं, नवी फळी करून देते, पोरगी मानानं सासरी जाईल. गोहलपुरातल्या आपल्या कारखान्यात मी अठरा वर्षं फायबरच्या कूलर-बॉड्या आणि शाळांच्या घसरगुंड्या करून राहिली. घसरगुंडीवरून लेकरं घसरतात, फळीवरून तुम्ही. फरक काय?

फरक आहे. मोठं थर्माकोल आणलं, मधे फुगीर, टोकाला निमुळतं असं छान कापलं, आणि वरून आमचं नेहमीचं रेझिन ओतलं. कूलरच्या साच्यावर ओततो तेच. बघता बघता थर्माकोल आत बसत गेलं, जशी उकळत्या चहात खारी बुडावी. वास असा सुटला की समोरचा पानवाला दुकान बंद करून गेला. प्रणोतीचे बाबा (रिटायर झाल्यापासून खुर्चीत बसून मोबाइलवर फळी बनवणारा गोरा माणूस बघतात) तेव्हा शांतपणे बोलले, अगं, तो तर सांगून राहिला की थर्माकोलला हे रेझिन चालत नाही, एपॉक्सी लागते. मी म्हटलं, हे ओतायच्या आधी काहून नाही सांगितलं? म्हणे, व्हिडिओत ते नंतर येते.

दुसऱ्यांदा नीट केली. मधे थर्माकोल, वरखाली पातळ प्लाय, आणि दोन्ही कडांना घट्ट फोम, कारण कडेला मार जास्त बसतो आणि गोलाईवर प्लाय वळत नाही. फोम कबाड्याकडच्या मोडक्या डीप फ्रीजरच्या भिंतीतून काढला. त्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून बांधायच्या, मग घासून गोल करायच्या. मी घासली की कड पायरीसारखी होते, मला घाई. प्रणोतीला मी कधी कारखान्यात पाऊल ठेवू दिलं नाही, शिकून साहेबीण व्हावी म्हणून. पण त्या दिवशी चिडून म्हटलं, बसली काय आहेस, हात लाव. तिनं डोळे मिटून, बोटानं चाचपत कड घासली, आठ दिवस. वरून काचेचं कापड आणि एपॉक्सी चढवली. (खाज ती हीच.) अशी कड माझ्या कोणत्या कारागिराच्या हातून झाली नाही.

मग नर्मदेवर ग्वारीघाटला नेली. मैयाला दाखवल्याशिवाय नवी वस्तू बाहेर जात नाही. घाटावर ठेवली तर पाच मिनिटांत दोन बायांनी हळदीकुंकू वाहिलं, नाववाला विचारतो, "अम्मा, ये कौन सी झाँकी की है?" (त्याला वाटलं, देवीच्या देखाव्यातली आहे.) प्रणोतीचे बाबा, वजन ब्याण्णव किलो, परीक्षा घ्यायला पोटावर आडवे झाले आणि वाहत निघाले. आम्ही ओरडून राहिलो, आणि हे तिकडून हात जोडून लोकांचे नमस्कार घेऊन राहिले. नाववाल्यानं ओढून आणलं. फळीला एक टवका नाही. पाण्याचं काय कळतं ते आता तुम्ही सांगा.

तर जावईबापू, झालं गेलं विसरा आणि लवकर या. येताना एक तिकीट, परतीची दोन काढा. फळी गार्डसाहेबांना सांगून चढवू.

तुमची सासू,
शर्मिला

ता. क. पत्र शुद्ध आहे का बघायला प्रणोतीला दिलं. ती हसत सुटली. म्हणे, तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात माफी मागितली, रोज गच्चीवरून तुमचं बोलणं चालते, आणि नवी फळी केव्हाच घेतली. मग मी दीड महिना कोणासाठी खाजवून राहिली? मी विचारलं, काहून थांबली मग? तर म्हणे, "आई, तू पहिल्यांदा मला काम सांगितलंस."

आणखी एक ता. क. हे ऐकलं आणि आधी वरण फोडणीला टाकून आली. आता लिहिते. तुम्ही या, चार दिवस राहा, फळी घेऊन जा. पोरीला दिवाळीपर्यंत राहू द्या. परतीचं तिकीट एकच काढा. मिश्राइनला काय सांगायचं ते माझं मी बघते.