एकच स्विच

कराड, शनिवार सकाळ

प्रिय हंबीर,

विमानाचं कव्हर काढल्यावर सीटवर हे पाकीट बघून तू वैतागशील. दिवसातून दहा वेळा फोन करणारा धनाजी आज पत्र कसं लिहायला लागला? फोन केला होता. तू उचलायच्या आत तीनदा बंद केला. परवा म्हसवडहून तुझ्याकडे यायला एसटीत बसलो, दहिवडीला उतरलो आणि परतीची गाडी धरली. घरात पाऊल टाकलं तर आमची कारभारीण रंगुबाई म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय का. खरं सांगायचं तर अकरा दिवसांपासून लागलीय.

उद्या तू हे विमान इथं कराडच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडवणार. मंडप घातलाय, तुझी भावकी येणार, आपल्या युनिटचे सातजण येणार. म्हणून आज लिहितोय.

शिरवळच्या शेडमध्ये लाकडी खोकी उतरली तो दिवस आठवतो का? सुटे भाग मोजून तू म्हणालास, पंख माझे, वीज तुझी. चोवीस वर्षं फौजेच्या ट्रकांच्या तारा ओढलेला मी. विमानाला कधी हात लावला नव्हता. वाटलं होतं गोल काट्यांची घड्याळं असतील, तर निघाले दोन स्क्रीन. उंची, वेग, इंजिनाची उष्णता, नकाशा, सगळं त्यांच्यावर. एक गेला तर दुसरा आहे, एक बॅटरी गेली तर दुसरी आहे. साडेतीन वर्षं तिथं मी एकेका तारेला नंबराची चिठ्ठी लावली. आमचे आबा बघायला आले, पॅनेलच्या मागं डोकावले आणि म्हणाले, बारा मेंढरांची लोकर गुंतावी तसं हाय हे. तू किती हसला होतास.

त्यात तुला सगळ्यात आवडला तो माझा लाल मास्टर स्विच. तारांच्या मूळ नकाशात स्विच दोन होते. एक बाकी सगळ्या विजेचा, दुसरा फक्त इंजिनासाठी, दुसऱ्या बॅटरीवर. मी म्हटलं, घाबरलेला माणूस दोन कुठं शोधत बसणार? दोन्हींचं मिळून एक केलं. धूर दिसला की एक हात, एक खटका, सगळं बंद. ट्रकला आपण तेच करत आलो. येईल त्या पाहुण्याला तू तो दाखवायचास, ‘हा आमच्या धनाचा स्विच.’ मीही छाती काढून उभा राहायचो.

मागल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी तू आमंत्रणं द्यायला गेला होतास. अंजनावहिनी तुझी उड्डाणाची यादी स्वच्छ अक्षरात लिहून काढत होत्या. अडचणीच्या पानावर आल्या तशा त्यांनी मला विचारलं, “भावजी, धूर दिसला तर पयलं काय बंद करायचं?”

मी झटकन म्हणालो, मास्टर. त्यांनी लिहून घेतलं आणि सहज विचारलं, “मग इंजिन कशावर चालायचं?”

हंबीर, मी हसून काहीतरी बोललो आणि बाहेर आलो. फौजेतला ट्रक डिझेलचा. वीज तोडली तरी चालत राहतो, आणि बंद पडला तर रस्त्याच्या कडेला लावता येतो. आपल्या या इंजिनाची ठिणगीसुद्धा बॅटरीच्या विजेची. वहिनी गेल्यावर चाकांना ओंडके लावले, शेपूट खुंटाला बांधलं, इंजिन चालू केलं आणि लाल स्विच पाडला. पंखा चार गिरक्या घेऊन थांबला. दोन्ही स्क्रीन काळे. आपण इतके महिने इंजिन आधी बंद करून मगच मास्टर बंद करत होतो, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी ओंडके काढले, कव्हर घातलं आणि गप्प बसलो. तपासणीच्या साहेबांनाही मी मूळ नकाशाच दाखवला होता. माझा बदल कागदावर उतरवलाच नव्हता. मनाला समजावलं की धूर येतोय कशाला. मग घरी सांडशीनं तवा उचलतानासुद्धा तो लाल खटका दिसायला लागला.

फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, “आरं गड्या, उद्याच्या दिवस मास्टरला हातच लावत न्हाई.” आणि मी ऐकलं असतं. तुझं मी कायम ऐकत आलोय. म्हणून पहाटेच्या गाडीनं येऊन दोन्ही बॅटऱ्यांच्या जाड तारा काढल्यात. उद्या हे उडणार नाही. पॅनेल सगळं उघडावं लागेल, इंजिनाची तार वेगळी करून तिला स्वतःचा स्विच द्यावा लागेल, बदल कागदावर घेऊन साहेबांना पुन्हा बोलवावं लागेल. महिना जाईल. मंडपात कुणी कारण विचारलं तर हवेवर ढकलू नकोस. माइकवर माझं नाव घेऊन सांग.

मी कुठं पळालेलो नाही. इथल्याच शेडच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ बसलोय, तारा पिशवीत आहेत. शिव्या घालायच्या असतील तर ये. येताना पान्यांची पेटी आणलीस तर आजच सुरू करू.

तुझाच,
धनाजी