बावचीचं तेल

मुलुंड
८ एप्रिल १९८४

ती. दादास,
अनुपमाचा शि. सा. न.

काल बोरिवलीला आले तेव्हा तू ऑफिसात होतास, हे बरंच झालं. तुझी क्षमा गच्चीवर पाटावर बसली होती. सकाळचे अकरा. तोंडाला, मानेला, हातांना दादूमामाने गावाहून पाठवलेलं बावचीचं तेल. गाल सोललेले. वहिनी म्हणाली, जुनी कातडी गळतेय, खालून रंगाची येईल. रोज पाव तास बसवायचा तुझा हुकूम आहे.

तुला बँकेने आकड्यांजवळ कसं बसू दिलं, याचं मला नवल वाटतं. नऊ वर्षांत तीन डॉक्टरांनी सांगितलं की तिला कोड नाही. तिच्या कातडीत, केसांत जन्मापासून रंग तयारच होत नाही. तो तापवून येणार नाही. हे तेल लावून उन्हात बसलं की कातडी भाजते. कोडावर जाणकार वैद्य ते बेताने वापरतात. दादूमामा बैलांचा जाणकार आहे.

लॅबमध्ये मी रोज गाठींचे पातळ काप काढते. मागच्या आठवड्यात अशाच कातडीच्या बाईचा अर्धा कान माझ्या टेबलावर आला. कॅन्सर. वय एकतीस, जन्म शेतात गेलेला.

क्षमाला दहा ते चार उन्हात नेऊ नये. जायचंच झालं तर पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, नाकाकानाला झिंकचं मलम. तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर डॉक्टर. हे तुला समजावं म्हणून सोपं लिहिलं आहे.

लोभ आहे, टिकवणं तुझ्याकडे.
अनुपमा

बोरिवली
१२ एप्रिल

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, अक्कलही पोचली. काचेच्या पट्ट्यांवर मांस चिकटवतेस म्हणून डॉक्टरीण झालीस काय गं? पोर काळा चष्मा आणि टोपी घालून खाली उतरली तर बिल्डिंगमधली कार्टी काय म्हणतील? आत्ताच मडम म्हणतात. उद्या तिला स्थळ कुठून आणू, तुझ्या बरणीतून? तू अठ्ठावीस वर्षांची घोडी, आधी स्वतःचं बघ. शेजारच्या जयंतीचा डाग याच तेलाने गेला, सगळ्यांनी पाहिलं.

वडीलभाऊ आहे म्हणून ऐकून घेतो. माया आहे तशीच ठेव.
चंद्रप्रकाश

मुलुंड
१५ एप्रिल

ती. दादास सा. न.

जयंतीचा डाग कोडाचा होता. मी तेच लिहिलं होतं; तू वाचलं नाहीस. कार्टी मडम म्हणतात म्हणून पोरगी भाजून काढणारा बाप मी प्रथमच पाहते.

तेल निरुपद्रवी आहे ना? मग स्वतःच्या दंडावर रुपयाएवढ्या जागेत लाव, पंधरा मिनिटं उन्हात बस आणि तीन दिवस थांब. तोवर क्षमा घरात. धीर नसेल तर तसं कळव, मी कुणाला सांगणार नाही.

आपुलकी आहे, एवढं धरून चाल.
अनुपमा

बोरिवली
२३ एप्रिल

चि. अनुपमास आशीर्वाद.

काल रविवारी अकरा ते बारा, पूर्ण तासभर बसलो. मनगटापासून खांद्यापर्यंत चोपडलं. रुपयाएवढं लावायला मी काय तुझ्यासारखा भित्रा आहे? आज हात जरा लाल आहे, बाकी ठणठणीत. लागली तुझ्या शास्त्राची वाट. उद्यापासून पोरगी गच्चीवर.

राग नसावा. हरणाऱ्याने रागावू नये.
चंद्रप्रकाश

बोरिवली
२७ एप्रिल

अनुवन्संना नलिनीचा नमस्कार.

पत्र मी लिहितेय, कारण यांना पेन धरवत नाही. सोमवारी तुमचं कार्ड पेटीत टाकून हे आले आणि संध्याकाळी हात पेटला. मंगळवारी लिंबाएवढे फोड. डॉक्टरांना म्हणाले, कढईतलं तेल सांडलं. मी खरं सांगितलं. डॉक्टर तेच बोलले जे तुम्ही लिहिलं होतं, फक्त माणसासारखं बोलले.

तुम्ही भावंडं एकमेकांना उणं दाखवण्यात गुंतलात. पहिल्या पत्रानंतर आठ दिवस पोर गच्चीवरच होती, आणि पाट मांडून देत होते मी. तुम्हाला एकटीला बोल लावत नाही.

काल यांनी क्षमाला जवळ बसवून विचारलं, तुलाही असंच व्हायचं का गं. ती म्हणाली, पहिले दोन दिवस मी आग होते म्हणून सांगितलं होतं, मग नाही सांगितलं. हे जेवायलाही उठले नाहीत.

सोबत दोरा पाठवते, तिच्या डोक्याचं माप आहे. टोपी त्या मापाची आणा. दोऱ्याचं एक टोक यांनी डाव्या हाताने धरलं होतं.

रविवारी या. यांच्याशी भांडलात तरी चालेल, पण या.
नलिनी