विहिरीत उतरलेलं रॉकेल

नाशिक, भाद्रपद, गुरुवार, १९३४

संडासाचा नवा शोषखड्डा विहिरीत झिरपतो की काय, या शंकेने परवा खड्ड्यात बाटलीभर रॉकेल ओतलं; झिरपत असेल तर पाण्याला वास येईल. आज संध्याकाळी हिने कळशी हुंगली. "अहो, दिवे भरलेल्या हातानेच पोहरा धरलात वाटतं?"

मी हात हुंगले. वास हाताला नव्हता.

खड्ड्याची जागा मीच ठरवली. विहिरीपासून पंधरा पावलं मोजली, जमिनीचा उतार पाहिला नाही.

शेजारच्या सुलेमानभाई विणकरांकडे आमचंच पाणी जातं. त्यांची सून चार दिवस ओकते आहे. कालच म्हणाले, "मास्तर, तुमच्या विहिरीचं पाणी तेवढं तिच्या पोटात ठरतं."

शंका होती, तर परवाच पाणी का थांबवलं नाही? हसं होईल म्हणून? पंधरा पावलं!

सांगायला निघालो आहे. त्यांचे माग आज एवढ्या लवकर का थांबले?